तिसरा गळा

त्या चिपला तीनच गळे होते.
हे मला फार उशिरा कळलं. तोवर वाटायचं,
टीव्हीच्या मागे, धुळीत,
पुष्कळ माणसं दाटीवाटीनं बसून वाजवत असतील.

केमी. डिसेंबर. सूर्य दुपारी डोकावून
"आहे का कुणी?" विचारून परत जायचा.
आई कागद गिरणीत, रात्रपाळीला.
गिरणीचा वास उकडलेल्या कोबीसारखा,
तो तिच्या जुन्या कोटातून, खुंटीवरून घरभर.
स्की-उड्या बघून बाबा झोपले
की टीव्ही आमचा.

रायली कॅसेट लावायची.
लोड व्हायला आठ मिनिटं. कॅसेट किंचाळायची,
पडद्याच्या कडेनं रंगीत पट्टे पळायचे,
तेवढ्यात राईच्या पावाला लोणी लावून व्हायचं.
आणि मग एकाएकी, ते.

कसं सांगू.
तार नाही, कातडं नाही, फुंकणारं कुणी नाही.
फ्रिजच्या घरघरीला कुणी सूर शिकवावा
आणि फ्रिजनं तो मनावर घ्यावा.
खाली जाड, खरखरीत सूर, कडक बर्फावर बूट चालावेत तसा.
वर एक बारीक, कापणारा.
आणि मधला, मधला तर लबाड:
तीन स्वर इतके झरझर आळीपाळीनं म्हणायचा
की कानाला वाटावं, एकदमच म्हणतोय.
पत्ते पिसताना राजा, राणी, गुलाम
एकच चेहरा होतात ना.

खेळ साधा. एक यान, गोठलेला चंद्र,
समोरून येणारे काचेचे मासे.
मासे मारायचे.
पण गोळी झाडली
की खालचा सूर जायचा.
क्षणभरच. गळे तीन;
गोळीला आवाज द्यायचा तर कुणाचा तरी काढून घ्यायचा,
आणि दर वेळी काढला जायचा तो त्या बूटवाल्याचा.
गाणं लंगडायचं.

मी आठ वर्षांचा. माझ्या हातात काठी कुणी देत नसे,
माझं काम ऐकणं.
मी म्हणालो, "नको ना मारूस."

रायली चौदाची. तिचे अकरा हजार,
वर्गातल्या यार्कोचे पंधरा.
तिनं माझ्याकडे पाहिलं, खुळ्याकडे पाहतात तसं.
आणि अंगठा उचलला.

यान नुसतं चुकवत राहिलं. वर, खाली, दोन माशांच्या फटीतून.
एक जीव गेला. दुसरा.
मग तिला तो कोपरा सापडला:
डाव्या अंगाला, हिमकड्याखाली,
तिथं मासे येतच नव्हते. खेळ लिहिणाऱ्याची चूक असेल,
किंवा मेहेरबानी.
यान तिथं टेकवून तिनं काठी सोडली,
गार पाय माझ्या पांघरुणात खुपसले.
गाणं एक मिनिट चाळीस सेकंदांचं,
मग पुन्हा पहिल्यापासून, सांधा न दिसता.

सकाळी सहाला आई आली तेव्हा आम्ही झोपलेलो,
टीव्ही तापलेला,
यान जिवंत.
कॉफी होईपर्यंत तिनंही तो बंद केला नाही म्हणे.

गेल्या वर्षी टाम्पेरेच्या सभागृहात
तेच गाणं. चाळीस व्हायोलिनं, हॉर्न,
काळ्या कपड्यांतली गंभीर माणसं.
शेजारच्या टकलू गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले.
जाड सूर सहा डबलबासांकडे,
अखंड, हिसकावून घेणारं कुणी नाही.
मला करमेना.
कान दर थोड्या वेळानं खड्डा चाचपायचा,
आणि रस्ता आपला गुळगुळीत.

रायलीच्या उजव्या कानात आता यंत्र असतं,
त्यातून व्हायोलिन पत्र्यासारखं वाजतं.
"छान आहे," ती पुटपुटली,
"आपल्या टीव्हीसारखं."

मी खाली पाहिलं.
खुर्चीच्या हातावर तिची मूठ वळलेली,
आणि अंगठा
वर, अधांतरी,
कशावरच न टेकलेला.